रिकाम्या टॉवरची वीज

मोबाइल नेटवर्कचा वेग आणि त्याला लागणारी वीज यांबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात. एक ग्राहकाचं: वेग वाढला की वीज जास्त जाणारच, ५जी फोनची बॅटरी खातं आणि टॉवरची वीजही. दुसरं उद्योगाचं: नवं तंत्रज्ञान एक जीबी पोहोचवायला जुन्यापेक्षा कितीतरी कमी वीज घेतं, म्हणून जितकं जलद तितकं हरित. दोन्ही मतं एकमेकांविरुद्ध उभी दिसतात, पण त्यांच्या पोटात गृहीतक एकच आहे: वीज खर्च होते ती डेटा वाहून नेण्यात.

माझा वाद या गृहीतकाशी आहे. मोबाइल नेटवर्कमधली बरीचशी वीज डेटा वाहण्यात जात नाही. कुणीतरी, कुठूनतरी, केव्हाही डेटा मागेल म्हणून दिवसरात्र तयार राहण्यात ती जाते. तयारीचा हा खर्च वेगामुळे येत नाही. वेग नीट वापरला तर तो कमी होऊ शकतो. आणि असं असेल तर ‘एका जीबीला किती वीज’ हे ज्या मापावर सगळी चर्चा चालते, ते माप मुळातच अपुरं ठरतं.

१. वेग महाग पडतो तो अरुंद पट्ट्यात

बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये संदेशवहनाचं जे गणित मांडलं, त्यातून आजही कुणाची सुटका नाही. एखाद्या वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: हाताशी असलेला तरंगांचा पट्टा किती रुंद आहे, आणि संदेश गोंगाटापेक्षा किती पट बलवान आहे. पण या दोन गोष्टींचं वजन सारखं नाही. पट्टा दुप्पट करा आणि संदेश व गोंगाटाचं प्रमाण तेच राखा, क्षमता दुप्पट होते. ताकद वाढवून तेच साधायचं म्हटलं तर हिशेब लॉगरिदमच्या तावडीत सापडतो. पट्ट्याच्या एका हर्ट्झमागे सेकंदाला १ बिट हवा असेल तर संदेश गोंगाटाइतकाच बलवान असला तरी चालतो. २ बिट हवे असतील तर तो तिप्पट हवा, ४ साठी १५ पट आणि ६ साठी ६३ पट.

आता हे प्रत्यक्षाला लावून पाहू. ४जीची एक वाहिनी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असते. ५जीच्या मधल्या पट्ट्यात ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. दोन्हींवर १२० एमबीपीएस वेग हवा आहे असं धरा. ४जीला प्रत्येक हर्ट्झमधून ६ बिट पिळून काढावे लागतील, ५जीला फक्त १.२. रुंद पट्ट्यात गोंगाटही पाचपट आत शिरतो, हे धरूनसुद्धा ५जीला फोनपर्यंत पोहोचवावी लागणारी ताकद जवळजवळ दहा पटींनी कमी निघते. ‘वेग म्हणजे वीज’ हे समीकरण इथेच मोडतं.

अर्थात निसर्ग सगळंच फुकट देत नाही. भारतात ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे. १८०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत, अँटेना तशाच असतील तर, मोकळ्या हवेतली घट चौपटीच्या आसपास होते, आणि भिंत आडवी आली की आणखी. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात अंगणात पूर्ण रेंज आणि माजघरात शून्य, हा अनुभव नवा नाही. पट्टा जितका वरचा तितका तो तीव्र. ही तूट भरून काढायला ५जीच्या पॅनेलमध्ये ६४ ट्रान्समीटरची रचना असते. ती लहरी चहूकडे न उधळता ग्राहकाच्या दिशेने रोखते. कमावलेली काटकसर अंतर आणि भिंती यांत पुष्कळशी जाते, तरी काही उरतेच.

मग टॉवरचं बिल का घटत नाही?

२. आकाशात जाते ती वीज थोडी

शॅननचं गणित फक्त अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीबद्दल बोलतं. महावितरणचं मीटर मात्र संपूर्ण यंत्रणेला लागलेलं असतं.

युरोपीय संघाच्या निधीतून २०१० ते २०१२ या काळात ‘अर्थ’ नावाचा एक संशोधन प्रकल्प झाला. मोठ्या ४जी बेस स्टेशनच्या विजेचं त्यांनी बांधलेलं प्रारूप या क्षेत्रात पुढे पाठ्यपुस्तकासारखं वापरलं गेलं. त्यातले आकडे बोलके आहेत. एक ट्रान्समीटर पूर्ण भाराने २० वॉट हवेत सोडतो तेव्हा तो २२४ वॉट खेचतो. तोच ट्रान्समीटर काहीही पाठवत नसतो, तेव्हा १३० वॉट खेचतो. म्हणजे पूर्ण कामाच्या ५८ टक्के वीज शून्य कामाला. पॉवर अँप्लिफायर गरम राहतो, सिग्नल प्रक्रिया करणाऱ्या चिप चालू राहतात, एसीचं डीसी करताना गळती होते, आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागते.

तीन दिशा (म्हणजे तीन सेक्टर) आणि प्रत्येक दिशेला दोन ट्रान्समीटर अशी साधी मांडणी घेतली तर रिकामं स्टेशन ७८० वॉट घेतं. चोवीस तासांचे साधारण पावणेएकोणीस युनिट झाले. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांना संपतो. एकही बिट न पाठवता हे स्टेशन तो सहाव्या दिवशी ओलांडेल. आणि हा एका कंपनीचा, एका पट्ट्याचा हिशेब. एकाच टॉवरवर एकाहून जास्त कंपन्या असू शकतात आणि प्रत्येकीचे अनेक पट्टे. नंतरची यंत्रं या प्रारूपापेक्षा काटकसरी झाली, पण बसून खाण्याची सवय त्यांनाही आहेच. ५जीच्या पॅनेलमध्ये ६४ ट्रान्समीटर आल्यावर तर तिला नवं बळ मिळालं.

३. ४जीला झोपता येत नव्हतं. ५जीला येतं, पण

इथे एक तांत्रिक तपशील महत्त्वाचा आहे, आणि तो सामान्य चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. ४जीचं बेस स्टेशन दर मिलिसेकंदाला आपले संदर्भ-संकेत प्रक्षेपित करत राहतं, ऐकणारा कुणी असो वा नसो. फोनला रेंज मोजता यावी म्हणून ही सोय. तिचा परिणाम असा की अँप्लिफायरला धड डुलकी घ्यायलाही सवड मिळत नाही. ५जीच्या रचनाकारांनी ही चूक ओळखली. ५जीत ओळख पटवणारे संकेत सहसा दर २० मिलिसेकंदांनी येतात आणि गरजेनुसार हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतं. मधल्या काळात काही पाठवायचं नसेल तर यंत्रणेचे भाग खरोखर बंद करता येतात. माझ्या मते ५जीची सर्वांत मोठी ऊर्जा-सुधारणा ही आहे, तिचा वेग नव्हे. जाहिरातीत ती नाही, कारण ‘आमचं नेटवर्क उत्तम झोपतं’ असं सांगून सिमकार्ड विकली जात नाहीत.

पण नवं नेटवर्क आलं म्हणून जुनं गेलं नाही. १ ऑक्टोबर २०२२ला भारतात ५जीचं उद्घाटन झालं तेव्हा जिओने स्वतंत्र ५जी निवडलं, तर एअरटेलने ४जीच्या आधारावर उभं राहणारं. दुसऱ्या प्रकारात फोनचं नियंत्रण ४जीकडेच राहतं. ५जीने कितीही झोप काढली तरी शेजारी ४जी जागंच. जिओचंही ४जी चालू आहेच, आणि एअरटेलचं २जीही. नव्या पिढीची कार्यक्षमता जुन्या पिढीच्या जागी येत नाही, तिच्या डोक्यावर येऊन बसते.

४. फोन: लवकर उरका, लवकर झोपा

खिशातल्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये ३जी फोन मोजले, तेव्हा नेहमीच्या एका डाउनलोडवर खर्च झालेल्या ऊर्जेतला जवळजवळ ६० टक्के भाग डाउनलोड *संपल्यानंतर* गेलेला आढळला. आणखी काही येईल या आशेने रेडिओ कितीतरी सेकंद जागा राहत होता. ४जीतही ही शेपटी टिकून राहिली. तेव्हा एक मोठी फाइल झपाट्याने उतरवून गप्प बसणारा फोन बॅटरी वाचवतो, आणि दर दोन मिनिटांनी चार अक्षरं पाठवणारं ॲप ती पोखरतं. वेग इथे मित्र आहे; कुरकुर शत्रू आहे. अँड्रॉइडने २०१५मध्ये ‘डोझ’ आणलं ते याच कारणाने: पडून असलेल्या फोनमधल्या ॲपनी आपापली कामं ठरावीक खिडकीत एकत्र उरकावीत.

‘पण ५जी चालू केलं की माझी बॅटरी खरंच लवकर संपते,’ असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. ४जीवर टेकलेल्या ५जीत फोन दोन जोडण्या एकदम सांभाळतो. रेंजच्या कडेला असलेला फोन ५जी शोधतो, सोडतो, पुन्हा शोधतो. वर अंतराची बाब आहेच. फोनची प्रक्षेपणाची ताकद बेस स्टेशनच्या सूचनेनुसार बदलते. कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॉट, आणि ४जीच्या नियमांत किमान ते कमाल यांतलं अंतर वीस लाख पटींचं आहे. सह्याद्रीच्या आडोशाच्या गावात एकच दांडी दाखवणारा फोन त्या वरच्या टोकाशी झगडत असतो. त्याची बॅटरी रेंजचा अभाव खातो, आणि दोष वेगाच्या नावावर जमा होतो.

५. जीबीमागची वीज: एक फसवं माप

आता मुख्य मुद्दा. एकूण वीज भागिले एकूण डेटा असं गुणोत्तर काढून त्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे एसटीच्या रातराणीचं डिझेल प्रवाशांच्या संख्येने भागून, एक प्रवासी उतरला तर तेवढं डिझेल वाचलं असं म्हणणं.

या मापाने कसा घोळ होतो याचं प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधलं आहे. ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या आकड्यांवरून २०१९मध्ये बातमी फिरली की अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहिला तर १.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पुढच्या वर्षी संस्थेनेच मान्य केलं की हिशेबात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती. आकडा आठ पटींनी फुगला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणाने तो आणखी खाली आणला. चूक दुरुस्त झाली, पण तिच्यामागची विचारपद्धत तशीच राहिली: व्हिडिओ पाहणाऱ्याला मेगाबाइटच्या हिशेबाने पापाचा वाटा वाटून देणं.

खरा हिशेब वेळेवर ठरतो. पहाटे तीनला जागं असलेलं रिकामं स्टेशन आणखी एक चित्रपट वाहून नेतं, तेव्हा विजेत पडणारी भर किरकोळ असते. रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळी तोच चित्रपट, तसाच लाखोंचा, नेटवर्कला टोकाला नेतो. मग कंपनी नवा पट्टा, नवं पॅनेल, नवा टॉवर उभारते. ते यंत्र दोन तासांच्या गर्दीसाठी येतं आणि चोवीस तास चालू राहतं. कोळशाचा वापर यंत्रं सुधारल्याने वाढतो, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५मध्ये सांगितलं होतं आणि डेटाच्या बाबतीत त्यांचं नाव वारंवार घेतलं जातं. भारतात २०१६मध्ये जिओ येण्यापूर्वी माणशी महिन्याला एक जीबीच्याही आत असलेला वापर आज वीस जीबीच्या पुढे गेला आहे, तेव्हा नाव घेणं वावगं नाही. पण इथली साखळी थोडी वेगळी आहे: स्वस्त डेटा, त्यातून संध्याकाळची गर्दी, गर्दीसाठी यंत्रं, आणि यंत्रांची रात्रभराची रिकामी जाग.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ५जी सुरू झाल्यावर त्यांनी अमर्याद ५जी डेटा जवळजवळ सगळ्यांना मोकळा करून दिला, त्यात दानत नव्हती. नवं नेटवर्क रिकामं असो वा अर्धं भरलेलं, खर्च जवळपास तेवढाच. जुलै २०२४मध्ये ही सवलत रोज २ जीबी वा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनपुरती उरली. २०२३च्या गणेशचतुर्थीला आलेली जिओची ५जीवरून घरात इंटरनेट देणारी ‘एअरफायबर’ सेवाही याच तर्काने समजते. रिकामी क्षमता घरोघरी विकणं ऊर्जेच्या दृष्टीनेही शहाणपणाचं. पण भिंतीवरचा टीव्ही तर नेमका गर्दीच्याच तासांत चालतो. जिथे दारापर्यंत फायबर आलेली आहे तिथे तो भार हवेत ढकलून त्यासाठी नवी पॅनेल बसवावी लागली, तर तो निव्वळ तोटा आहे. फायबरला ना भिंत आडवी येते, ना पाऊस.

या मापाचा सर्वांत वाईट परिणाम न्यायावर होतो. गडचिरोलीच्या जंगलातला दोन-तीनशे माणसांचा टॉवर जीबीमागच्या विजेच्या यादीत तळाला जाईल आणि दादरचा टॉवर अव्वल ठरेल. त्या यादीवरून धोरण आखलं तर पहिला बळी कुणाचा, हे सांगायला नको.

६. तीन आक्षेप

*‘टॉवर झोपले तर संकटाच्या वेळी काय?’* नेटवर्क थरांचं असतं. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे लांबवर पोहोचतात. तो व्याप्तीचा थर. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झचे वरचे पट्टे गर्दी पेलतात. तो क्षमतेचा थर. पहिला जागा ठेवून दुसरा झोपवला तरी ११२ला केलेला कॉल लागतो. चायना युनिकॉमच्या लुओयांग शाखेने २०२०मध्ये ५जीची यंत्रणा रात्री नऊ ते सकाळी नऊ झोपवायला सुरुवात केली, तेव्हा ‘५जी चीनलाही परवडेना’ अशा थाटाच्या बातम्या आल्या. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. घड्याळ लावून झोपवणं ही मात्र त्याची ओबडधोबड आवृत्ती होती. आता भार पाहून मिलिसेकंदांच्या हिशेबाने यंत्रणेचे भाग मिटता-उघडता येतात.

*‘सौर पॅनेल लावली की प्रश्न संपला.’* दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२मध्ये उद्दिष्ट दिलं होतं की २०२०पर्यंत ७५ टक्के ग्रामीण आणि ३३ टक्के शहरी टॉवर ग्रिड आणि अपारंपरिक ऊर्जा यांच्या जोडीवर चालावेत. हेतू चांगलाच. पण मघाच्या रिकाम्या स्टेशनचा हिशेब पुन्हा घ्या. दिवसाला पावणेएकोणीस युनिट. महाराष्ट्रात एक किलोवॉटचं पॅनेल सरासरी चार युनिटांच्या आसपास देतं. म्हणजे जवळपास पाच किलोवॉट आणि सुमारे पन्नास चौरस मीटर सावलीविरहित जागा, एका कंपनीच्या एका पट्ट्यासाठी, तेही काहीच काम नसताना. सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमध्ये ही जागा कुठून आणायची? शिवाय गर्दी सूर्य मावळल्यावर होते, म्हणून बॅटरीही तेवढीच मोठी हवी. ‘अर्थ’च्या प्रारूपात झोपलेला ट्रान्समीटर ७५ वॉट घेतो, सहांचे ४५० झाले. जितके तास झोप, तितकी पॅनेल कमी, बॅटरी कमी, आणि जिथे ग्रिड भरवशाची नाही तिथे जनरेटरचं डिझेल कमी. सौरऊर्जा हवीच, पण तिचा क्रमांक झोपेनंतरचा.

*‘विजेच्या नावाखाली खेड्यांना मंद नेटवर्कवर ठेवायचं का?’* हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण आपण ते एकदा करून पाहिलं आहे. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या मोबाइल योजनेच्या पहिल्या टप्प्यात बीएसएनएलने कमी विजेवर, सौरऊर्जेवर चालणारी २जी केंद्रं उभारली. विजेच्या हिशेबात ती आदर्श होती. पण ज्या काळात रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं ऑनलाइन गेलं, त्या काळात ती निरुपयोगी ठरू लागली, आणि एप्रिल २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाला त्यांतल्या २,३४३ ठिकाणी ४जी आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. वेग नाकारून केलेली बचत टिकत नाही. खेड्यातल्या टॉवरवर दिवसाचा बराच वेळ कुणी नसतं, म्हणून झोपेचा लाभ सर्वांत जास्त तिथेच आहे. आणि मागणी येताच पूर्ण वेगाने उठणारा टॉवर तिथेच सर्वांत जास्त हवा आहे.

७. आकडा कोणता मागायचा

ग्राहकाला वेग मोजायला ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप आहे. विजेचा आकडा त्याला फार तर कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतो, तोही एकत्रित बेरजेच्या रूपात. त्या बेरजेतून किती वीज कामाला गेली आणि किती जागरणाला, हे कळण्याचा मार्ग नाही.

ही उणीव वरूनच झिरपत आली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७मध्ये ५जीच्या किमान अटी ठरवल्या. त्यांत उतरत्या दिशेला कमाल २० जीबीपीएस, चढत्या दिशेला १०, दर चौरस किलोमीटरला दहा लाख उपकरणं, असे नेमके आकडे होते. ऊर्जेच्या रकान्यात आकडाच नव्हता. डेटा नसताना यंत्रणेला जास्त आणि दीर्घ झोप घेता यावी, एवढीच गुणात्मक अट. दिशा अचूक होती, पण आकड्याविना तिला धार नव्हती. २०२३मध्ये ६जीची चौकट आली, तेव्हा ऊर्जा-कार्यक्षमतेला मोजता येणारं एकक मिळालं: एका जूलमागे किती बिट. म्हणजे पुन्हा तेच जीबीमागच्या विजेचं माप, फक्त उलटं धरलेलं. हा आकडा भरल्या स्टेशनवर मोजला की देखणा दिसतो, आणि देखणा दिसावा म्हणून तो भरल्या स्टेशनवरच मोजला जाईल, अशी मला दाट शंका आहे.

मार्च २०२३मध्ये जाहीर केलेल्या ‘भारत ६जी व्हिजन’मधून आपण जागतिक मानकांत वाटा मागितला आहे. तो मागताना आपल्या प्रतिनिधींनी त्या एककाशेजारी आणखी दोन सक्तीचे रकाने मागावेत: शून्य डेटा असताना प्रत्येक सेक्टरमागे किती वॉट, आणि गाढ झोपेतून पूर्ण वेगावर यायला किती मिलिसेकंद.